संस्थापकांच्या खाली किती जागा?

मराठी माणूस फ्रेमवाल्याकडे गेला की पहिला प्रश्न पट्टीच्या दराचा विचारतो आणि पहिलं भांडण माउंटवरून काढतो. लाकडाची पट्टी रनिंग फुटावर विकतात, हे त्याला पटतं. काच चौरस फुटावर, तेही पटतं. पण फोटोच्या चारी बाजूंना जो पांढरट पुठ्ठा बसतो, ज्यावर काही छापलेलं नाही, काढलेलं नाही, कोपऱ्यात साधं फूलसुद्धा नाही, त्याचे पैसे म्हटले की त्याच्यातला जागरूक ग्राहक खडबडून उठतो. "अहो, रिकाम्या जागेचे कसले पैसे?" असं विचारणारा हा माणूस बिल्डरकडे मात्र एकेकाळी कार्पेट एरिया बाजूला ठेवून सुपर बिल्ट-अपचे पैसे मुकाट्यानं भरून आलेला असतो. जिन्यातल्या हवेचे पैसे चालले, फोटोतल्या माणसाच्या कानाजवळच्या हवेचे चालत नाहीत.

माझा संशय राजा रविवर्म्यावर आहे. त्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी चौकटीत जाऊन बसल्या. त्या बसल्या त्या थेट पट्टीला खेटून. देवीच्या चार हातांपैकी दोन लाकडाखाली गेले तरी चालेल, पण मध्ये पुठ्ठा नको. शंभरावर वर्षं हे बघत आलेल्या समाजाला तुम्ही एकदम "भोवती तीन तीन इंच मोकळं सोडा" म्हणून सांगितलंत तर तो ऐकणार कसा?

हे ज्ञान मला झालं ते आमच्या वाचनालयाच्या संस्थापकांमुळे. वाचनालयाच्या भिंतीवर सगळे होते. थोर पुरुष होते, माजी अध्यक्ष होते, एका माजी अध्यक्षांनी दिलेलं घड्याळ होतं. संस्थापक तेवढे नव्हते, कारण त्यांचा फोटोच नव्हता. तो ग्रंथपाल बाईंना जुन्या इतिवृत्ताच्या वहीत सापडला. समूहचित्र. डावीकडून तिसरे, पगडीवाले, आणि शेजारच्या गृहस्थांचं कोपर त्यांच्या बरगडीत. स्टुडिओतल्या मुलानं संगणकावर ते कोपर काढलं, पगडीवरचा डाग काढला आणि उत्साहाच्या भरात संस्थापकांचे ओठ गुलाबी केले. ते परत पूर्ववत करून घेतले आणि बारा बाय पंधरा इंचांची प्रत हाती आली. कार्यकारिणीनं ठराव केला: फोटो नामपट्टीसह फ्रेम करून दर्शनी भागी लावावा. काम माझ्याकडे आलं. माझी पात्रता म्हणजे मी निवृत्त आहे आणि माझ्याकडे मोजायची टेप आहे. शाळेत असताना मी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलो होतो हेही खरं, पण तिथून उठलो तो 'क' श्रेणी घेऊन.

फ्रेमवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही भिंतींवर पट्ट्यांच्या नमुन्यांचे सोनेरी, काळे, चॉकलेटी कोपरे टांगलेले. कॅशजवळ दत्तगुरू, शिवाजी महाराज आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या मध्ये एक परदेशी बाळ, जे तयार फ्रेमबरोबर फुकट येतं. गृहस्थ इंच-सुतात बोलणारे. आठ सूत म्हणजे एक इंच, हे आमच्या पिढीला कळतं. स्टुडिओतला मुलगा 'सूत' ऐकून गुंडाळी शोधायला लागला असता.

"तीन बाजूंना तीन इंच, खाली साडेतीन," ते फोटो बघता बघता म्हणाले.

"खाली अर्धा इंच जास्त का?"

"नाहीतर फोटो घसरतो."

"म्हणजे तुम्ही चिकटवणार नाही?"

"फोटो नाही हो घसरत साहेब. डोळा घसरतो."

मी चष्मा सावरला. त्यांनी मग एका जुन्या फ्रेमकडे बोट केलं. चारी बाजू सारख्या, मोजून तीन इंच. आणि खरंच, आतलं चित्र थकून खाली बसल्याचं वाटत होतं. माणसाच्या डोळ्याला चौकटीचा मध्य असतो त्याहून थोडा वर वाटतो. म्हणून मोजपट्टीनं अगदी मधोमध ठेवलेली वस्तू खाली आल्याचा भास होतो. खालची बाजू जरा रुंद ठेवली की ती जागेवर येते. शिवाय माउंटची खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूनं एक सूत लहान कापायची, नाहीतर फोटो खिडकीतून आत पडतो. कापतानाही पातं पंचेचाळीस अंशांत तिरकं धरायचं, म्हणजे कडेला ती बारीक पांढरी रेघ दिसते. फ्रेमवाल्यांनी पाकिटावर आकडे लिहून दिले: खिडकी पावणेबारा बाय पावणेपंधरा, बाहेरून पावणेअठरा बाय सव्वाएकवीस. मी ते पाकीट घेऊन बैठकीत गेलो आणि तिथून पुढे त्या पाकिटावर कुणाचाच ताबा राहिला नाही.

पहिले उठले खजिनदार. "माउंट नकोच. फोटो सरळ काचेला लावा. सहा-सहा इंचांची पट्टी वाचेल, काच वाचेल, बोर्ड वाचेल."

हा मुद्दा मी फ्रेमवाल्यांकडे नेला. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक लग्नाचा फोटो घेऊन आले, दुरुस्तीसाठी आलेला. माउंट नव्हतं. पावसाळ्याच्या दमटपणानं फोटो काचेला धरला होता आणि कुणीतरी तो ओढून काढला होता. नवरीमुलगी सुखरूप होती. नवरदेवाचं नाक काचेवर राहिलं होतं. माउंट फोटो आणि काच यांच्यात हवेपुरती फट ठेवतं, ती याचसाठी. हे मी खजिनदारांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "संस्थापकांचं नाक मोठं आहे. ठेवा माउंट."

मग खालच्या अर्ध्या इंचावर चर्चासत्र झालं. चित्रकलेचे निवृत्त सर म्हणाले की अर्धा इंच फारच भित्रेपणाचा आहे, तो एक हवा. ग्रंथपाल बाईंनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढून पान उघडलं आणि जुने मुद्रकही खालचा समास सगळ्यात मोठा ठेवत हे दाखवलं. धरणाऱ्याचा अंगठा तिथं मावतो. (आमच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं बाइंडरनं यंत्राखाली घालून समासासकट कापून आणलेली आहेत, त्यामुळे योग्य पान सापडेपर्यंत त्यांना चार कपाटं उघडावी लागली.) एका सदस्यांचा मुलगा जपानात असतो. ते दोन महिने तिकडे राहून आल्यापासून कोणत्याही विषयावर जपानचं म्हणणं मांडतात. ते म्हणाले, तिकडच्या गुंडाळीच्या चित्रांत नेमकं उलटं. चित्राच्या वर सोडलेल्या भागाला आकाश म्हणतात, खालच्याला जमीन, आणि आकाश जमिनीच्या साधारण दुप्पट.

"मग नामपट्टी आकाशात लावायची का?" अध्यक्षांनी विचारलं.

"जपानात नामपट्टी नसते."

"मग जपानचं राहू दे."

यावर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता साहेब उभे राहिले. इतका वेळ ते कागदावर काहीतरी भागत होते. त्यांचं म्हणणं, प्रमाण अंदाजानं ठरवायचं नसतं, त्याला सुवर्ण गुणोत्तर असतं, 1.618. रुंदी पावणेअठरा, तर उंची पावणेएकोणतीसच्या आसपास आली पाहिजे. म्हणजे वर तीन सोडले तर खाली अकरा.

"अकरा इंच?"

"अकरा. आणि पाटीचाही प्रश्न सुटला."

पाटीचा प्रश्न खरा तिथूनच सुरू झाला. तोपर्यंत ती माझ्या डोक्यात एक इंच उंच, पाच इंच रुंद अशी नम्र पितळी पट्टी होती. फ्रेमवाल्यांचा नियम साधा होता. पाटीच्या वर थोडी हवा, खाली त्याहून जास्त. सव्वा इंच, मग पाटी एक इंच, मग पावणेदोन: खाली एकूण चार इंच. आणि पाटी फोटोच्या निम्म्यापेक्षा रुंद करायची नाही, कारण मग लोक फोटो बघत नाहीत, पाटी वाचतात. मजकूर मी लिहून नेला होता: नाव, खाली 'संस्थापक', खाली साल.

"एवढंच?" अध्यक्षांच्या आवाजात दुखावलेपण होतं. "माणसाचं कर्तृत्व नको दिसायला?"

कर्तृत्व यायला लागलं. संस्थापकांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, पुढे 'ऊर्फ', आणि ऊर्फच्या पुढे गावानं दिलेलं नाव. वकील. नगरपालिकेचे सभासद. स्वातंत्र्यसैनिक. इथं एक ज्येष्ठ सदस्य खाकरले. त्यांच्या वडलांच्या सांगण्यानुसार 1942 साली संस्थापक तुरुंगात होते की तुरुंगाच्या आवारात राहणाऱ्या मेहुण्याकडे होते, यावर त्या काळीच दोन मतं होती. मतदान झालं. स्वातंत्र्यसैनिक बहुमतानं मंजूर.

खजिनदारांना खर्चाची काळजी, म्हणून ते माझ्याबरोबर पाटीवाल्याकडे आले. पाटीवाला अक्षरावर पैसे घेणारा. दोघांनी 'स्वातंत्र्यसैनिक' मोजायला घेतलं. खजिनदारांची सहा अक्षरं झाली. पाटीवाल्यानं अर्धा स वेगळा धरला, काना वेगळा, अनुस्वार वेगळा. 'त्र्य'पाशी आल्यावर त्यानं सुस्कारा टाकून "याचं काय सांगू तुम्हाला" म्हटलं आणि आकडा एकदम दुप्पट केला.

"पूर्णविरामाचेही घेता का?" खजिनदारांनी खवचटपणे विचारलं.

"'कै.'मधला घेत नाही," तो म्हणाला. "दुःखाचा असतो."

त्यानं आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. इंग्रजी मोठ्या अक्षरांची पाटी पाव इंचाच्या ओळीत बसते. मराठीला डोक्यावर मात्रा-वेलांटी आणि पायाखाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि पितळेवर एकदा अॅसिडनं खाल्लं की सोडवता येत नाही. म्हणून तोच मजकूर मराठीत लिहिला की पाटी उंच होते. आणि तो मजकूर तोच राहिला असता तर गोष्ट वेगळी.

कारण दरम्यान फ्रेमचा खर्च देण्याची तयारी संस्थापकांच्या नातवानं दाखवली होती. म्हणजे 'यांजकडून सप्रेम भेट' आलं. आपल्याकडे भेट ही नाव घातल्याशिवाय पोचत नाही. पातेल्याच्या काठावर नाव असतं, देवळाच्या पायरीवर असतं, स्मशानातल्या बाकावर तर ठळक असतं. नातवाचं नाव आल्यावर कार्यकारिणीला वाटलं, आपण काय पाप केलं? अध्यक्ष, कार्यवाह. खजिनदार खर्चाच्या बाजूनं विरोध करत होते; त्यांचं नाव घातल्यावर तो मावळला. मग अनावरण कुणाच्या शुभहस्ते, त्या पाहुण्यांचं पद, त्या पदाच्या आधीचं पद. मग तारीख. मग एकांनी तिथी मागितली. अकरा ओळी झाल्या. त्यांत संस्थापकांच्या वाट्याला तीन.

पाटी चार इंच उंच झाली. वर दीड, खाली दोन, म्हणजे खालची बाजू साडेसात. चित्रकलेच्या सरांनी कागदावर आकृती काढली आणि कपाळाला हात लावला. वर तीन, बाजूंना तीन आणि खाली साडेसात, यात संस्थापक कुठल्यातरी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून डोकावताना दिसत होते. तोल सांभाळायचा तर वर चार हवेत, बाजूंना पाच पाच.

मी फ्रेमवाल्यांना फोन केला.

"करतो की," ते म्हणाले. "फक्त बोर्ड पूर्ण लागेल."

माउंटचा बोर्ड बत्तीस बाय चाळीस इंचांचा. रुंदी पावणेअठरा असली की चाळीसमध्ये दोन तुकडे निघतात, उरलेला दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो. रुंदी पावणेबावीस झाली की दुसरा तुकडा निघत नाही, उरलेलं कुणाच्या उपयोगाचं नाही, आणि ते सगळं आपल्या बिलात. वर पट्टी वाढली, काच वाढली, वजन वाढलं, मागचा हार्डबोर्ड जाड हवा, खिळ्याऐवजी दोन हुक हवेत. एका तिथीपायी.

"साहेब, एक सांगू?" फ्रेमवाले म्हणाले. "पुढे नाव आणि साल घाला. बाकी सगळ्यांची नावं मागे हार्डबोर्डवर लिहा. तिथं अडीच-तीन चौरस फूट जागा आहे, माउंटचा प्रश्न नाही, आणि अक्षराला पैसे नाहीत."

मला ही सूचना इतकी आवडली की मी ती त्याच दिवशी अध्यक्षांच्या घरी जाऊन मांडली.

"मागे कोण वाचणार? पाल?" ते म्हणाले.

मला वाटतं, इथं कुणीही समजूतदार माणूस राजीनामा देतो. मी दिला नाही, कारण राजीनामा लिहायला तरी तो कुणाच्या नावे लिहायचा, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या असत्या. मी दुसरा मार्ग घेतला. पाटीवाल्याला सांगितलं, मजकूर अकरा ओळींचाच, पण पाटी अडीच इंच उंच आणि सहा इंच रुंद. मात्रा आणि उकारांचं तू बघ.

"वाचता येणार नाही," तो म्हणाला.

"ज्याचं नाव आहे त्याला येईल."

यात मला मानवी स्वभावाचं काही कळतं असं निघालं. पाटी तयार होऊन आली तेव्हा प्रत्येक सदस्यानं ती डोळ्याजवळ धरली, दोन सेकंदांत आपलं नाव शोधलं आणि "छान झालीय, स्वच्छ आहे" असं म्हणून पुढच्याकडे दिली. संस्थापकांच्या तीन ओळी ग्रंथपाल बाईंनी तेवढ्या वाचल्या, त्याही भिंगानं. खालची बाजू सहा इंचांवर आली, फ्रेमची उंची पावणेचोवीसवर, बोर्डातून दोन तुकडे निघाले, खजिनदार हसले. चित्रकलेचे सर दूर उभं राहून म्हणाले, "खाली थोडं जड आहे, पण संस्था म्हटलं की एवढं चालायचं."

अनावरणाच्या दिवशी फ्रेम घड्याळाच्या शेजारी लागली. पडदा लागला. सभागृह भरलं. आणि कार्यक्रमाला अर्धा तास असताना फोन आला की प्रमुख पाहुण्यांना अचानक दुसरीकडे जावं लागलं आहे. त्यांचं नाव, त्यांचं पद आणि त्याआधीचं पद पितळेत खोदून, काळा रंग भरून, कायमचं बसलेलं होतं. अनावरण आता उपाध्यक्ष करणार होते. त्यांचं नाव पाटीवर नव्हतं, कारण नावं ठरली त्या बैठकीला ते पंढरपूरला गेलेले होते. कार्यवाह मला म्हणाले, "काहीतरी चिकटवा." मी म्हटलं, "काचेच्या आत आहे." ते म्हणाले, "मग बाहेरून चिकटवा." अभियंता साहेबांनी फ्रेम उलटी लावायची सूचना केली असावी, गडबडीत मला नीट ऐकू आलं नाही.

उपाध्यक्षांनी दोरी ओढली. पडदा पडला. टाळ्या झाल्या. आणि संस्थापकांच्या नातवानं पुढे होऊन झेंडूचा हार घातला. पाच फुटी, भरगच्च, तळाला मुठीएवढा गोंडा. हार फ्रेमच्या दोन्ही खांद्यांवरून उतरला, संस्थापकांच्या हनुवटीला प्रदक्षिणा घालून खाली आला आणि गोंडा पाटीवर असा बसला की एक काना बाहेर दिसेना. मुख्य पाहुणे गेले, तारीख गेली, तिथी गेली, आम्ही सगळे गेलो. राहिले संस्थापक, त्यांची पगडी, आणि डाव्या-उजव्या बाजूला तीन तीन इंच मोकळी जागा. सर म्हणाले, "आता तोल साधला."

झेंडू तीन दिवसांत वाळला, पण तोवर उपाध्यक्षांनी स्वखर्चानं खादी भांडारातून चंदनी हार आणला होता, त्याच मापाचा. तो वर्षभर तिथंच आहे आणि तो काढावा असा ठराव अजून कुणी मांडलेला नाही. हाराच्या पाकिटावर उपाध्यक्षांनी आपलं नाव लिहिलं होतं, ते पाकीट त्यांनी फ्रेमच्या मागे, हार्डबोर्डला चिकटवलं आहे.

तेव्हा तुमच्या संस्थेत, शाळेत, सोसायटीत असा ठराव झालाच आणि टेप तुमच्या हातात आलीच, तर पाटीची उंची ठरवण्याआधी हाराची लांबी मोजून घ्या.